तोंडावर सांगणारं माणूस

यंदा देवळाच्या काल्याच्या उत्सवातल्या नाटकाच्या तालमी तिथल्याच अग्रशाळेत, भक्तांच्या उतरण्याच्या जागेत, चालल्या होत्या आणि मी नेहमीप्रमाणे प्रॉम्प्टर होते. वही मांडीवर घेऊन कडेच्या बाकावर बसलं की संवादांपेक्षा माणसंच जास्त दिसतात. कोण कोणाच्या जवळ उभं राहतं, कोणाचा हात कुठे थरथरतो, सगळं. दुसऱ्या अंकाच्या शेवटी बाप-लेकीचा प्रवेश आहे. लेक घर सोडून निघालेली, बाप तिचे दोन्ही खांदे धरतो आणि तिच्या डोळ्यांत बघत पानभर बोलतो. बापाचं काम करणारे काका आमच्या गावचे जुने नट, आवाज अजून खणखणीत. लेकीचं काम करणारी मुलगी माझ्याच हाताखाली शिकलेली. तिसऱ्या वाक्याला पोचले की ती मान वळवायची. तालीममास्तर खालून ओरडायचे, "बापाकडे बघ गो! तिथे भिंतीवर काय लिहिलंय?" ती "हो सर" म्हणायची, पुन्हा उभी राहायची आणि पुन्हा तिसऱ्या वाक्याला मान वळायची. काकांचा चेहरा पडत चालला होता. "माझ्यासमोर काम करायचं नसेल तर तसं सांगा," एवढंच ते म्हणाले, तेही मास्तरांकडे बघून. चहाच्या सुट्टीत ती माझ्याकडे आली. "टीचर, लवंग आहे?" घसा बसला असेल असं समजून मी पर्समधली डबी पुढे केली. तिने दोन लवंगा घेतल्या. एक गालात धरली. दुसरी बोटांत चुरली आणि ते बोट नाकाखाली, वरच्या ओठावर हळूच फिरवलं. मग वेणी मागे टाकून प्रवेशाला उभी राहिली, आणि या वेळी शेवटच्या शब्दापर्यंत तिने बापाच्या डोळ्यांतून डोळे काढले नाहीत.

काका खूश झाले. मास्तर खूश झाले. त्या चुरलेल्या लवंगेचा वास मात्र माझ्या डोक्यातून जाईना.

आमच्या गावात माणसं एकमेकांना काय वाटेल ते बोलतात. तू जाड झालीस, केस किती पांढरे केलेस, मुलाचं अजून कसं जमत नाही, हे सगळं रस्त्यात उभं राहून, मोठ्या आवाजात, प्रेमाने. जेवणानंतर दातात कोथिंबिरीचं पान अडकलं असेल तर पंगतीत समोरची बाई खूण करून सांगते. पण तोंडाला वास येतो हे कोणी सांगत नाही. सख्खी बहीण सांगत नाही, बरोबर पत्ते खेळणारा मित्र सांगत नाही. खुर्ची थोडी मागे सरते, बोलणं आटोपतं घेतलं जातं, बसमध्ये माणूस खिडकीकडे तोंड करून बसतो. आणि ज्याच्या तोंडाला वास येतो त्याला तर तो येतच नाही. नाकाची रीतच तशी आहे. जो वास सतत समोर असतो त्याची नोंद नाक हळूहळू बंद करतं. सुक्या मासळीच्या बाजारात बसणाऱ्या बाईला तिथला दर्प जाणवत नाही, तसाच स्वतःचा श्वास स्वतःला जाणवत नाही. तळहातावर फुंकर मारून बघायची सवय अनेकांना असते, पण तिचा फारसा उपयोग होत नाही. मनगटाची आतली बाजू जिभेने ओली करावी, ती सुकू द्यावी आणि मग हुंगावी, त्यातून थोडा अंदाज येतो. खरा उपाय एकच, ज्याच्यावर विश्वास आहे त्याला विचारायचं. विचारायला जीभ रेटत नाही, आणि सांगणाऱ्याचीही रेटत नाही.

मला माझ्या आजीची सकाळ आठवते. गोव्यातल्या पेडण्याच्या आजोळी न्हाणीपलीकडे एक म्हातारा आंबा होता. उजाडता उजाडता आजी त्याचं एक पान खुडायची. कोवळं नको, फार जून नको, गडद हिरवं पण अजून वाकणारं. पान उभं दुमडायचं, बोटाभोवती गुंडाळायचं आणि दातांवरून फिरवायचं. पानाचा तुरट वास आणि चुलीवर तापणाऱ्या पाण्याचा धूर एकत्र येऊन माझ्यापर्यंत पोचायचा. मग ती माडाच्या झापाचा एक हीर, म्हणजे पातीच्या मधली काडी, घ्यायची, नखाने मधोमध चिरायची, त्यातला एक भाग दोन्ही हातांत धरून धनुष्य करायची आणि जीभ बाहेर काढून पार मागून पुढे ओढायची. मागे गेला की तिला उमासा यायचा. डोळ्यांत पाणी यायचं, तरी ती ते करायचीच. हिरावर पांढरट-पिवळा लेप जमायचा, तो झटकून पुन्हा एकदा. शेवटी मिठाच्या पाण्याची खळखळून चूळ, जी अळवाच्या आळ्यात पडायची. आम्ही मुलं रांगेत उभी. दात घासल्याचं तिला पुरत नसे, "जीभ दाखव" म्हणायची. मी जीभ दाखवायचे आणि ती उजेडाकडे माझी हनुवटी धरून अशी बघायची की जणू त्यावर काही लिहिलं आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, रोजच्या आचाराच्या अध्यायात, जीभ खरवडण्याची साधनं सांगितली आहेत. सोनं, रुपं, तांबं, कथील, पितळ यांची ती असावीत, धारदार नसावीत आणि वाकडी असावीत. जिभेच्या मुळाशी साचलेला मळ श्वास अडवतो आणि दुर्गंधी आणतो, म्हणून जीभ खरवडावी, असं कारणही तिथे दिलं आहे. आजीने चरक वाचला नव्हता. तिच्याकडे सोनं होतं ते गळ्यात, जिभेला हीर. पण धार नको आणि वाक हवा, एवढं तिच्या हाताला माहीत होतं.

तिच्याबद्दल लिहायचं तर दुसरी गोष्टही लिहायला हवी. जीभ इतकी लख्ख ठेवणारी ही बाई न्हाऊन झालं की मागच्या दारी उंबऱ्यावर बसून पत्र्याच्या डबीतली मशेरी लावायची. तव्यावर काळी भाजलेली तंबाखू, तिचा कडवट जळका वास तिच्या लुगड्याला, उशीला, तिने दिलेल्या लाडवालासुद्धा लागलेला असायचा. आजही कुठे तो वास आला तर माझं पाऊल थांबतं, इतका तो मला जवळचा आहे. आणि ती साठीच्या आत बोळकी झाली, हिरड्या सुजून एकेक दात हलत गेला, हेही मला स्पष्ट आठवतं. तंबाखू भाजली म्हणून तिचं विष जळत नाही. आजोबांच्या पानाच्या तबकाचंही तेच. वेलची, लवंग, जायफळ ही मुखशुद्धी चरकानेही सांगितली आहे, त्याच यादीत सुपारीही आहे. पण त्या सुपारीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये कर्करोगकारक ठरवलं. नुसत्या सुपारीलाही, तंबाखूशिवाय. म्हणून 'नैसर्गिक उपाय' म्हटल्याबरोबर मी हात जोडत नाही. आंब्याचं पान नैसर्गिक आणि तंबाखूचं पानही नैसर्गिकच.

माझी भाची फोंड्याला दंतवैद्य आहे. तालमीची गोष्ट मी तिला कोणाचं नाव न घेता सांगितली. ती म्हणाली, "मावशी, असे लोक माझ्याकडे शेवटी येतात. आधी पोटाची चूर्णं घेऊन होतात, मग तोंड धुवायच्या औषधाच्या बाटल्या होतात, मग मी." पोट बिघडलं म्हणून तोंडाला वास येतो, हे आपल्याकडे इतकं पक्कं बसलंय की ते निघत नाही. खरं तर असा वास येणाऱ्या दहापैकी आठ-नऊ जणांच्या बाबतीत तो तोंडातच तयार होतो. जिभेचा मागचा तिसरा भाग हे त्याचं मुख्य ठिकाण. तिथल्या बारीक उंचवट्यांच्या फटींत हवा पोचत नाही, आणि हवेशिवाय जगणारे जंतू तिथे सुखाने राहतात. अन्नाचे कण, गळून पडलेल्या पेशी, लाळेतली प्रथिनं हे त्यांचं खाणं. ते खाऊन ते गंधकाचे वायू सोडतात. एकाला सडक्या अंड्याचा वास, दुसऱ्याला कुजक्या कोबीचा. हिरडी दातापासून सुटून खोबण तयार झाली की तिथेही हेच. किडलेली दाढ, नीट न बसलेली कॅप, न धुतलेली कवळी, टॉन्सिलच्या खाचांत जमणारे पांढरे खडे, सायनसमधून घशात उतरणारा शेंबूड, सगळी त्याच प्रकारची घरं.

या सगळ्याला रोज धुऊन काढणारी गोष्ट म्हणजे लाळ. दिवसभरात अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. झोपेत ती जवळजवळ थांबते, म्हणून सकाळी उठल्यावर सगळ्यांच्याच तोंडाला वास येतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. तोंड उघडं ठेवून झोपणारा, दिवसभर वर्गात ओरडणारी माझ्यासारखी शिक्षिका, एकादशीला पाण्याचा घोटही न घेता टाळ वाजवणारा, यांचं तोंड लवकर सुकतं. उपासाला आणखी एक भर पडते. शरीर चरबी जाळायला लागतं आणि श्वासाला वेगळाच वास येतो. रक्तदाबाच्या, अ‍ॅलर्जीच्या, नैराश्याच्या काही गोळ्यांनीही तोंड कोरडं पडतं. अशा वेळी गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारायचं. आणि दारू. उर्राकाच्या, म्हणजे काजूच्या बोंडांच्या दारूच्या दिवसांत सकाळी काही घरांच्या पडव्यांतून जो वास येतो तो फक्त काजूच्या बोंडाचा नसतो, रात्रभर कोरड्या पडलेल्या तोंडांचाही त्यात भाग असतो.

भाचीने एक गोष्ट बजावून सांगितली आणि ती मी इथे तशीच लिहिते. दात, हिरड्या, जीभ सगळं स्वच्छ असूनही वास राहिला तर शरीर दुसरं काही सांगत असतं. पिकलेल्या फळासारखा गोडसर वास आणि सोबत खूप तहान, उलट्या किंवा धाप असेल तर मधुमेह हाताबाहेर गेलेला असू शकतो, थांबायचं नाही. मूत्रपिंड थकलं की श्वासाला अमोनियाचा, लघवीचा वास येतो. यकृत निकामी होत आलं की एक कुबट गोड वास येतो. पूर्वीचे वैद्य रोग्याच्या जवळ जाऊन श्वास हुंगायचे, ते उगीच नव्हे.

आपल्या जेवणाचा वास हा आणखी निराळा प्रकार आहे. आमच्याकडे बांगड्याचं हुमण, वर तेफळ, बाजूला सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर आणि शेवटी सोलकढी. माशाचा वास चूळ भरली, बडीशेप चावली की निवतो. पण सोलकढीत लसूण ठेचलेली असते आणि लसणीचं गणित चुळीने सुटत नाही. लसणीतला एक गंधकयुक्त घटक आतड्यातून रक्तात जातो, रक्तातून फुप्फुसात, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत श्वासातून बाहेर पडत राहतो. कितीही ब्रश करा. त्यावर उतारा स्वयंपाकघरातच आहे. लसणीबरोबर किंवा लगेच नंतर कच्चं सफरचंद, पुदिन्याची पानं, दूध किंवा दही पोटात गेलं तर वास बराच कमी होतो. त्यासाठी मी सोलकढी सोडणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी कोणाला जवळून भेटायचं असेल तर आदल्या रात्री एक वाटी दही खाते.

लवंगेबद्दल माझं मन त्या दिवसापासून थोडं बदललं आहे. लवंगेतलं तेल जंतूंना थोडं आवरतं, दुखऱ्या दाढेला बधिर करतं, हे खरं. वेलची आणि बडीशेप चघळल्याने लाळ सुटते, तोही फायदाच. पेराची, म्हणजे पेरूची, कोवळी पानं किंवा जाईची पानं चघळली की तोंड आलेलं बरं वाटतं; म्हार्दोळच्या बायका जाईच्या फुलांचे हार ओवता ओवता ही पानं सांगतात. तिळाचं किंवा खोबरेल तेल तोंडात धरून खुळखुळवण्याने काहींना बरं वाटतं, ब्रश करून वर ते केलं तर हरकत नाही. मिठाचं कोमट पाणी तर आजीपासून चालत आलेलं. हे सगळं मी करते आणि करत राहीन. पण ते वासावर पांघरूण घालतं किंवा फार तर हात देतं. खोबणीत साचलेलं दगडासारखं कीट लवंगेने निघत नाही. लिंबू-मीठ आणि कोळशाची किंवा तुसाची राख मात्र दातांवर घासू नये. लिंबाचं आम्ल आणि राखेची कचकच, दोन्ही दातांवरचं कवच कायमचं झिजवतात, ते परत येत नाही. आणि दारूचा अंश असलेली औषधी चूळ आधीच कोरड्या तोंडाला आणखी कोरडं करू शकते. १८७९ मध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी जंतू मारायला म्हणून निघालेलं लिस्टरिन १९२० च्या दशकात अमेरिकेत तोंडाच्या वासावरचा इलाज म्हणून धडाक्याने विकलं गेलं ते जाहिरातींतून भीती घालून. तुमचं लग्न जुळत नाही, मित्र टाळतात, कारण हेच, आणि तुम्हाला कोणी सांगणार नाही. ती भीती शंभर वर्षं टिकली, कारण तिच्यातला शेवटचा भाग खरा आहे.

पुढच्या एका तालमीनंतर काका आणि मी एकाच वाटेने निघालो होतो. देवळाच्या तळीपाशी मी म्हटलं, "काका, एक विचारू? वाईट वाटून घेऊ नका."

"विचार गो."

"दात शेवटचे कधी दाखवले होते?"

ते चालायचे थांबले. हातातली बॅटरी त्यांनी पायांपाशी धरली होती, ती तशीच राहिली. "वास येतो?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "येतो." बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझी काकी होती तेव्हा ती सांगायची. चहा पुढ्यात ठेवायच्या आधी म्हणायची, जा, आधी तोंड धुऊन या. मी चिडायचो. ती गेल्यावर घरात सांगणारं कोण आहे?" थोडं चालल्यावर त्यांनी विचारलं, "पोरगी म्हणून मान वळवायची काय?" मी म्हटलं, "तिने कोणाजवळ एक अक्षर काढलं नाही, काका." ते म्हणाले, "गुणी आहे." आवाज जरा बसला होता. घराच्या फाटकाशी त्यांनी भाचीच्या दवाखान्याची वेळ विचारून घेतली.

वरच्या जबड्यात तीन दातांची कवळी निघाली. काकी गेल्यापासून ती ते रात्रीही काढत नव्हते. रात्री कोणाचा फोन आला तर बोबडं बोलायला नको म्हणून. कवळीखालची टाळू लालभडक झालेली, खालच्या पुढच्या दातांमागे कीट, हिरड्यांत खोल खोबणी. भाचीने रक्त तपासायला सांगितलं आणि साखर वाढलेली निघाली, जिचा त्यांना पत्ताच नव्हता. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात येणं अवघड होतं. दोन्हीकडून इलाज सुरू झाला. कीट काढलं. कवळी आता रात्री वाटीत, साध्या पाण्यात असते. गरम पाण्यात नाही, वाकडी होते. सकाळी ती ब्रशने घासायची, मग जीभ.

शाळेत माझ्या वर्गात एक मुलगा आहे. काही दिवसांपासून त्याच्या बाकावरची मुलं दुसरीकडे सरकत होती आणि तो एकटाच बसत होता, वहीत डोकं घालून. मी त्याच्या जवळ बसले तेव्हा कळलं की वास तोंडाचा नाही, नाकाचा आहे, आणि एकाच बाजूचा. मधल्या सुट्टीत त्याच्या आईला बोलावून बाजूला नेऊन सांगितलं. तिचे डोळे भरले, घरात सासू रोज दोनदा दात घासून घेते म्हणाली. दात चांगलेच होते. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी त्याच्या डाव्या नाकपुडीतून गादीतल्या स्पंजाचा तुकडा काढला, केव्हा घातला ते त्यालाही आठवत नव्हतं. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वास आणि शेंबूड येत असेल तर आधी तिथे काही अडकलंय का बघायचं असतं.

त्यानंतरच्या पालकसभेत मी हा विषय घेतला. जीभ मागून पुढे साफ करणं, मुलं तोंडाने श्वास घेतात का ते झोपेत बघणं, ब्रश करताना हिरडीतून रक्त आलं तर ब्रश बंद न करता दाखवायला नेणं. आयांनी ऐकून घेतलं. मागच्या रांगेत त्या मुलाची आजी बसली होती. सगळ्यांचं झाल्यावर ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "बाय, ते दुकानातलं स्टीलचं नको वाटतं. माडाचा हीर चालतो काय?"

"चालतो आजी," मी म्हटलं, "ताजा घ्या, कडा नखाने घासून धार मोडा, आणि हलक्या हाताने."